आधीं पैसा, मागाहून बचत

थोड्या विजेंत तेंच काम करणारीं उपकरणें बाजारांत असूनही पुष्कळ घरांत जुनेच पंखे कां फिरतात? नेहमींच्या छताच्या पंख्यास सुमारें ७५ वॅट वीज लागते. बीएलडीसी नांवानें विकल्या जाणाऱ्या नव्या पंख्यास सुमारें ३०. रोज १२ तास याप्रमाणें वर्षांतून ३०० दिवस पंखा चालला, तर १६२ युनिट वीज वांचते. युनिटास आठ रुपये धरल्यास हे १२९६ रुपये झाले. नवा पंखा दीड हजारांनीं महाग पडला, तरी तो पैसा सुमारें चौदा महिन्यांत फिटतो. अडचण एवढीच कीं, पैसा आज मोजावा लागतो आणि बचत थेंबाथेंबानें येते.

दिव्यांच्या बाबतींत ही अडचण बरीचशी सुटली. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या उजाला योजनेंत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सार्वजनिक क्षेत्रांतील कंपनीनें एलईडी दिवे घाऊक घेतले. २०१४ च्या प्रारंभीं तिला ३१० रुपयांस पडणारा दिवा पुढें ४० रुपयांच्याही खालीं आला. महावितरणच्या ग्राहकांस त्याची किंमत बिलांतून हप्त्यांनीं फेडण्याची सोय होती. हें सरकारी अनुदान नव्हतें. आधीं पैसा कोणीं घालावा, एवढेंच बदललें.

मग पंखे व फ्रीज यांसाठीं हेंच कां करूं नये? अवश्य करावें, परंतु सवलत कोणाच्या पदरांत पडते तें पाहावें. बारामती एमआयडीसीच्या आसपास भाड्याच्या खोलींत राहणारा कामगार घ्या. पंखा घरमालकाचा आणि बिल भाडेकऱ्याचें असेल, तर मालकास बचतीचा लाभ नाहीं; आणि परक्या छतास भाडेकरू महाग पंखा कां लावील? शिवाय थोडी वीज वापरणाऱ्यास दर कमी पडतो. म्हणून त्याची बचतही रुपयांत कमी भरते. सुखवस्तु घरास मात्र नवा पंखा सवलतीवांचूनही परवडतो. सरसकट सूट दिल्यास ती गरज नसलेल्यांच्याच घरीं अधिक जाण्याचा संभव आहे.

म्हणून हप्ता बिलास जोडावा, दरमहाच्या बचतीहून लहान ठेवावा, आणि भाडेकरू बदलल्यास तो नव्यानें पुढें चालवावा. जुना पंखा परत घेतला पाहिजे. नाहीं तर तो दुसऱ्या खोलींत फिरूं लागेल.

छताच्या पंख्यांवर तारकांची चिठी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. दुकानांत किंमत विचारण्यापूर्वीं ती वाचावी. वस्तूची किंमत एकदांच द्यावी लागते, बिल दरमहा येतें.