मुंगूस शब्दाचें परदेशगमन

इंग्रजींतील ‘मॉंगूस’ हा शब्द मूळचा मराठी ‘मुंगूस’ होय, हें कोशकारांस मान्य आहे. परंतु मराठींत तो कोठून आला, या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हीं स्वतः बरीच वर्षें एक चूक केली. ती प्रथम दुरुस्त करणें उचित वाटतें.

पनवेलीच्या आसपास भाताच्या खाचरांच्या बांधावर मुंगूस दिसलें कीं मुलें थबकतात. त्याचें मुखदर्शन शुभ मानतात. या समजुतीवरून आम्ही वर्गांत ‘मंगल’ शब्दाशीं त्याचा संबंध जोडीत असूं. ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड, पण निराधार आहे. संस्कृतांत या प्राण्याचें नांव नकुल. पाणिनीनें (६।३।७५) त्याची सिद्धि सांगितली असून शाश्वत वैराच्या द्वंद्वास (२।४।९) वैयाकरण ‘अहिनकुलम्’ हें उदाहरण देतात. नकुलापासून हिंदी ‘नेवला’ व गुजराथी ‘नोळियो’ निघाले. मराठींत मात्र नकुल पांडवाच्या नांवांत व पंचतंत्रांतील कथेंत राहिला. शेतांतील प्राण्यास आपण शेजाऱ्यांचें नांव दिलें. तेलुगूंत ‘मुंगिस’ व कानडींत ‘मुंगुसि’ हीं रूपें आहेत. तेव्हां शब्दाचें मूळ द्राविडी मानणेंच प्राप्त आहे.

पुढील प्रवास युरोपीयांच्या लेखणीनें झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्यें मुंबईस आला व १६७५ मध्यें जुन्नरास जाऊन आला. १६९८ मध्यें लंडनास छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत हा शब्द येतो. फ्रेंच ‘मांगूस्त’ पोर्तुगीजांच्या द्वारें गेला. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत (१८८६) तेलुगू मूळ नमूद आहे. १८९४ च्या ‘जंगल बुक’मधील किप्लिंगच्या कथेनें तो घरोघर पोंचला. इंग्रजी लेखनांतील शेवटचा भाग ‘गूस’ म्हणजे हंसासारख्या पक्ष्याच्या नांवाप्रमाणें लिहितात. पण तें केवळ वर्णसाम्य होय. म्हणूनच अनेकवचन ‘मॉंगूसेस’ होतें, ‘मॉंगीस’ नव्हे. गंमत अशी कीं, प्राणिशास्त्रांत ‘मुंगोस’ हें प्रजातिनाम आज केवळ आफ्रिकेंतील मुंगसांस लावितात. आपलें मुंगूस त्या गणांत नाहीं.

संग्राहकांस यावरून एक विनंति. जुन्या बाडाची नक्कल करितांना मुंगूस, मंगूस, मुंगस असें जें रूप असेल तें तसेंच ठेवावें. अशुद्ध समजून त्याच्या जागीं नकुल घालूं नये. आम्हांसारख्या संस्कृतज्ञांस हा मोह विशेष होतो. अशा शुद्धीकरणानें शब्दाचा पुरावाच नाहींसा होतो. फ्रायरच्या पूर्वीचा, मितीसह मराठी उल्लेख कोणाच्या संग्रहांत असेल, तर त्यानें तो मूळ अक्षरांसह अवश्य प्रसिद्ध करावा.