खिळ्यांपासून अभिलेखापर्यंत : टिकाऊ इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाची घडण

मराठी मुद्रणाच्या इतिहासात मुंबईतील गिरगाव-काळबादेवी परिसराचे स्थान मोठे आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांनी देशभर नाव मिळविले. चर्नी रोडवरील शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयाने राजपत्राची छपाई दीर्घकाळ सांभाळली. जुळाऱ्याने खिळे जुळवून छापलेला कागद शंभर वर्षांनीही वाचता येतो. त्यासाठी डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नाही. संगणकावरील दस्तऐवजाचे तसे नाही.

जुन्या कागदाची किंमत परळ-लालबागच्या गिरणी कामगारांइतकी क्वचितच कोणी जाणली असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कित्येक वर्षांनी गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी अर्ज करताना सेवेचा पुरावा द्यावा लागला. हजेरीची नोंद, तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची पावती अशा चिठोऱ्यांवर कुटुंबाचा हक्क अवलंबून राहिला. आज तशी यादी संगणकावर तयार होते. ती तीस वर्षांनी उघडेल काय, आणि उघडल्यावर त्यात एखादे नाव शोधून सापडेल काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरा प्रश्न मराठीपुरता विशेष बिकट आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षररचनेत वापरलेल्या अनेक टंकांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. पडद्यावर ‘पाटील’ दिसे, परंतु संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरांची निरर्थक ओळ असे. तो विशिष्ट टंक नाहीसा झाला की मजकूरही गेला.

यावरील उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००५ साली ‘पीडीएफ-ए’ हे मानक (आय.एस.ओ. १९००५) प्रसिद्ध केले. त्याचे तत्त्व साधे आहे : दस्तऐवजाने आपली सर्व शिदोरी स्वतःबरोबर बाळगावी. वापरलेले टंक आत अंतर्भूत असावेत, रंगांची व्याख्या निःसंदिग्ध असावी, शीर्षक व कर्ता यांसारखी माहिती ठरीव पद्धतीने नोंदलेली असावी. परवलीचे कुलूप, ध्वनी-चित्रफिती व आपोआप चालणाऱ्या आज्ञावली यांस मज्जाव आहे. टंक अंतर्भूत करण्याचे महत्त्व मराठी वाचकास तात्काळ पटेल. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेतील ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे टंक सोबत नसल्यास हिंदी वळणात दिसू शकतात.

मानकाचा २०११ चा दुसरा भाग एक पाऊल पुढे जातो. त्यातील ‘यू’ या स्तरावर प्रत्येक अक्षराकृतीमागे युनिकोड वर्ण नोंदलेला असणे आवश्यक ठरते. तरीही देवनागरीची एक अडचण उरते. ‘कि’ या अक्षरात वेलांटी उच्चाराने नंतर येते, पण काढली जाते आधी. पीडीएफमध्ये आकृत्या काढण्याच्या क्रमाने साठविल्या गेल्या, तर शोध फसतो. म्हणून अक्षराबरोबर मूळ वर्णक्रम अदृश्यपणे जोडण्याची सोय वापरावी लागते.

अक्षरजुळणीच्या ‘टेक्’ या प्रणालीत हे काम बरेच सुकर झाले आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी ती १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केली. पीडीएफ-ए निर्मितीसाठी तिच्यात ‘पीडीएफएक्स’ नावाचे उपांग आहे. त्याच्या कर्त्यांत तिरुवनंतपुरमचे सी. व्ही. राधाकृष्णन् यांचा समावेश आहे, ही भारतीयांना अभिमानाची बाब होय. २०२२ पासून ‘लाटेक्’च्या गाभ्यातच दस्तऐवजाच्या आरंभी इच्छित मानकाची घोषणा करण्याची सोय झाली. मात्र घोषणा म्हणजे अनुपालन नव्हे. बाहेरून जोडलेल्या एखाद्या चित्रात टंक नसला तरी दस्तऐवज नापास होतो. त्यामुळे ‘व्हेरापीडीएफ’ या मुक्त तपासनिसाकडून प्रत्येक प्रत तपासून घेणे इष्ट. त्यासही मर्यादा आहे : वर्ण नोंदला आहे की नाही हे तो सांगतो, तो बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. त्याकरिता एखादा परिच्छेद निवडून साध्या मजकुरात उतरवून पाहणे, हीच खरी कसोटी.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९८ पासूनच्या संस्थांतील जुन्या ग्रंथांचे छायांकन हा निराळा विषय आहे. छायाचित्रही पीडीएफ-ए असू शकते, परंतु त्यातील शब्द शोधता येण्यास अक्षर-ओळख वेगळी करावी लागते. नव्याने जुळविल्या जाणाऱ्या मजकुराला ही दुहेरी मेहनत टाळता येते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७ नुसार जतन केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे संदर्भासाठी उपलब्ध होईल असा असावा लागतो. ग्रामपंचायतीच्या कार्यालयास त्यासाठी ‘टेक्’ शिकण्याची गरज नाही. ‘लिबरऑफिस’सारख्या विनामूल्य साधनात पीडीएफ निर्यातीच्या वेळी पीडीएफ-ए हा पर्याय असतो, तो आपण होऊन निवडावा लागतो. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित असावा. डिजिटल स्वाक्षरी शेवटी करावी. आधी स्वाक्षरी करून मागाहून रूपांतर केल्यास ती अवैध ठरते.