‘लॉयल्टी’ची पांढरी वर्षं

पनवेलहून उरणकडे जाताना रस्ताभर कंटेनरची रांग लागते. बंदराच्या या पट्ट्यातही दर 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. 1919 साली त्या तारखेला सिंदिया जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. कंपनी उभारणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याआधी याच बोटीतून जखमी जवान नेले जात, हे मात्र आपण विसरलो.

मूळची ही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, 1891 पासून व्हँकुव्हर ते हाँगकाँग धावणारी प्रवासी आगबोट. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेऊन भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज केली.

प्रवासी बोटच का? केबिन, मोठे भटारखाने, दिवाणखाने आयतेच मिळतात. दिवाणखान्यात खाटा मांडल्या की वॉर्ड तयार. शिवाय वेग.

1907 च्या हेग कराराने अशा रुग्णालय-जहाजांचा रंगही ठरवून दिला होता. अंगभर पांढरा आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंद आडवा पट्टा: लष्करी जहाजाला हिरवा, मदत संस्थांच्या जहाजाला लाल. युद्धात इतर जहाजं रात्री दिवे मालवून अंधारात लपत. रुग्णालय-जहाजाला मात्र ओळख पटवायची असल्याने ते दिवे लावून, पट्टा उजळून चाले. शत्रूला दिसणं हेच त्याचं संरक्षण! मला यातला धीर फार मोठा वाटतो.

1923 मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईतच मोडीत निघाली.