नव्वद दिवस, अर्धा पगार

रायपूरहून भिलाईकडे निघालात की वाटेत कुम्हारी लागते. समजा, तिथल्या एका कारखान्यात दोघे कामगार शेजारी-शेजारी राबताहेत. रोज प्रत्येकी ६०० रुपये. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी दोघांचे साडेचार-साडेचार रुपये कापले जातात, मालक वर साडेएकोणीस घालतो. एके दिवशी दोघांचीही नोकरी जाते. एकाची मंदीतल्या कपातीत, दुसऱ्याची गैरवर्तनाच्या ठपक्याने.

याच ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली, तेव्हा बेकाराला रोजाचा पाव हिस्सा मिळे. २०२० मध्ये तो अर्धा झाला. पहिला गडी अटींत बसला तर त्याला रोज ३०० रुपये, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. एकूण २७,०००. दुसऱ्याला? भोपळा! पैसे तर त्यानेही तेवढेच भरले होते.

पण विमाच तो. आपल्याच गोठ्याला काडी लावणाऱ्याला कोण भरपाई देईल? खरी मेख पुढे आहे: काडी यानेच लावली, हे ठरवतं कोण? आधी मालकच! आरोपपत्र त्याचं, चौकशी त्याच्याच आवारात, शिक्षाही तोच देणार. म्हणून तर १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली गैरवर्तनाची यादीच बांधून दिली गेली. चोरी, लाच, दंगा हे ओघानं आलंच. पण उशिरा येण्यापुढे एक इवलासा शब्द बसवलाय, ‘सवयीने’. एकदा बस चुकली तर तो गुन्हा नव्हे!

आणि चौकशी होईपर्यंत निलंबित माणसानं खायचं काय? त्याच कायद्यात पुढे उत्तर घातलं गेलं: पहिले ९० दिवस अर्धा पगार. आकडे ओळखीचे वाटले ना? निर्दोष बेकाराला जे, तेच आरोप असलेल्याला. चौकशी लांबली आणि दोष कामगाराचा नसला, तर ९० दिवसांनंतर थेट पाऊण पगार! आरोपाची टांगती तलवार बेकारीपेक्षा भरघोस पोसते, हे वाचून मी कलम पुन्हा तपासलं.

बडतर्फीनंतरही सगळं बुडतंच असं नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली आलेल्या कलमाने कामगार न्यायालयाला शिक्षाच हलकी करण्याची मुभा दिली. ग्रॅच्युइटीचं तर अजबच. तिकिटाचे पैसे हडपल्याबद्दल बडतर्फ झालेल्या आपल्या एसटीच्या काही कंडक्टरांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने अपहार किरकोळ रकमेचा आहे हे पाहून त्यांची फक्त २५ टक्के ग्रॅच्युइटी जप्त करू दिली. त्याच निकालात जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरीला लागलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कर्मचाऱ्याची मात्र सगळी गेली.