विजेवरचा रंधा: बोटं सांभाळा, फळी सरळ काढा

मैत्रिणींनो, पाट, चौरंग, पोळपाट करणाऱ्या गटांत आता विजेवर चालणारा हातरंधा दिसू लागलाय. काम झटपट होतं, पण त्याची पाती मिनिटाला साधारण 16,000 फेरे घेतात. बोट लागलं तर मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून आधी सवयी, मग काम.

सुरू करण्याआधी
पदर खोचा, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवा, केस घट्ट बांधा. चष्मा, मास्क आणि इअरप्लग लावा. ओल्या जमिनीवर उभ्या राहू नका. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती पात्याखाली येत नाही. जुनं लाकूड असेल तर खिळे शोधून काढा. फळी शिकंज्यात पक्की आवळा. एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने मशीन, असं कधीच करायचं नाही. वीतभर तुकडाही रंधायचा नाही. लांब फळी आधी रंधा, मग कापा.

सरळ कसं येईल?
पुढची मूठ फिरवली की मशीनचा पुढचा तळ वर सरकतो. तो जेवढा वर, तेवढं लाकूड निघतं. आकडा अर्ध्या मिलिमीटरवर ठेवा. तीन मिलिमीटर काढायचे असतील तर सहा हात मारा. एकदम काढायला गेलात तर लाकूड फाटतं.

फळीवर पेन्सिलीने आडव्या-तिरक्या रेघा ओढा. पुढचा तळ फळीवर टेकवा, पाती लाकडाला लागू न देता बटण दाबा, पूर्ण वेग आला की मग पुढे सरका. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या मुठीवर. हे चुकलं की फळीची टोकं खोलगट होतात आणि पाट डुगडुगतो. जिथे रेघ उरली तिथे खड्डा आहे, असं समजा. लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चला. ढलप्या उचकटू लागल्या तर फळी फिरवून दुसऱ्या बाजूने रंधा. मधून मधून सरळ पट्टी लावून बघा.

थांबताना
बटण सोडलं तरी पाती काही सेकंद फिरत राहतात. ती थांबेपर्यंत मशीन हातातच धरा. खाली ठेवताना पुढचा भाग पट्टीवर टेकवा, म्हणजे पाती अधांतरी राहतात. तोंडात भुसा अडकला तर आधी प्लग काढा, मग काडीने साफ करा, बोटाने नाही. पाती बदलतानाही तेच. दोन पाती असतील तर दोन्ही एकदम बदला आणि सारख्या उंचीवर बसवा, नाहीतर फळीवर लाटा उठतात.

गणपतीच्या चौरंगांची ऑर्डर आली की घाई होते, आणि घाईतच प्लग काढायचा राहतो. नव्या ताईने आधी टाकाऊ फळीवर हात बसवावा. तोवर जाणत्या ताईने बोर्डाच्या बटणापाशी उभं राहावं.