घोळाण्यातले तेल आणि सातपुड्याचा आमचूर

कच्च्या भाज्यांमध्ये उष्मांक फारसे नसतात. ते असतात भाज्यांना चव यावी म्हणून त्यांच्यावर जे ओतले, भुरभुरले किंवा कालवले जाते त्यात, आणि ही गोष्ट शहरी उपाहारगृहातील सॅलडला जितकी लागू आहे तितकीच खानदेशातील घोळाण्यालाही लागू आहे. इंग्रजी वळणाच्या स्वयंपाकात ज्याला सॅलड ड्रेसिंग म्हणतात, म्हणजे तेल, आंबट पदार्थ, मीठ आणि मसाला यांचे भाजीला माखणारे मिश्रण, ते बाटलीत भरून विकले जाऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातील घरोघरी वेगवेगळ्या रूपांत होतेच. कोशिंबिरीतील दही आणि फोडणी, चटणीवर सोडलेले कच्चे तेल, भरिताबरोबरच्या कांद्याच्या पातीवर भुरभुरलेला शेंगदाण्याचा कूट ही सगळी त्याचीच रूपे होत. नंदुरबार जिल्ह्यात आणि एकूणच खानदेशात कोवळ्या मेथीचा, कांद्याच्या पातीचा किंवा हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा भाकरीबरोबर खाल्ला जातो. निवडलेली पाने बारीक चिरून किंवा तशीच घेऊन त्यांत कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची किंवा लाल तिखट, कूट, मीठ आणि कच्चे तेल घालून हाताने कालवले की तो तयार होतो. कमी उष्मांकांच्या ड्रेसिंगचा विचार करायचा तर या भागात त्याची सुरुवात ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर यांच्यापासून न करता घोळाण्यापासूनच करणे अधिक सयुक्तिक ठरते.

उष्मांक म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. बोलीभाषेत ज्याला नुसते कॅलरी म्हटले जाते ती शास्त्रीय परिभाषेत किलोकॅलरी असते, आणि एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांतून अशा साधारण 4, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 किलोकॅलरी मिळतात. तेल हा जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध पदार्थ असल्यामुळे 15 मिलिलिटरच्या एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 किलोकॅलरी सामावलेल्या असतात. मग ते शेंगदाण्याचे असो, सोयाबीनचे असो, सातपुड्यातील मोहाच्या बियांचे असो की परदेशातून आलेले महागडे ऑलिव्हचे असो. तेलांच्या गुणधर्मांत फरक जरूर आहे, कारण कोणत्या तेलात संपृक्त मेदाम्ले जास्त आणि कोणत्यात असंपृक्त जास्त यावर हृदयाचे आरोग्य काही प्रमाणात अवलंबून असते. परंतु ‘हलके तेल’ असे जे म्हटले जाते ते उष्मांकांच्या हिशेबात कोठेच बसत नाही.

चार माणसांसाठी केलेल्या मेथीच्या घोळाण्याचे गणित मांडून पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. शंभर ग्रॅम मेथीची पाने, एक लहान कांदा आणि एक टोमॅटो यांचे उष्मांक सगळे मिळून शंभराच्या आतच राहतात. त्यावर सढळ हाताने तीन मोठे चमचे तेल सोडले तर 360 किलोकॅलरींची भर पडते आणि चार मोठे चमचे, म्हणजे तीस-बत्तीस ग्रॅम कूट घातला तर आणखी सुमारे 180 किलोकॅलरी वाढतात, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास निम्मे तेलच असते आणि त्यांतून 560 ते 570 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे भाजीच्या पाचपट-सहापट ऊर्जा त्या भाजीला माखणाऱ्या मिश्रणातून येते, आणि हिरव्या पानांचा पदार्थ म्हणून निर्धास्तपणे दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्याच्या ताटात आणखी दीडशे-एक किलोकॅलरी नकळत येऊन पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी वरून वापरायचे तेल-तूप 27 ग्रॅम धरलेले आहे. त्या मानाने वरील घोळाण्यातील प्रत्येकाच्या वाट्याचे दहा ग्रॅम तेल म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक झाले, आणि भाजी-आमटीची फोडणी अजून बाजूलाच आहे.

यावरून तेल पूर्णपणे वगळावे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. गाजर, टोमॅटो आणि हिरव्या पालेभाज्या यांतील कॅरोटिनॉइडे, म्हणजे ज्यांपैकी काहींचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते अशी नारिंगी-पिवळी-तांबडी रंगद्रव्ये, स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि त्यांच्याच सोबतीने आतड्यात शोषली जातात. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही निरोगी व्यक्तींना एकाच प्रकारचे सॅलड बिनतेलाच्या, कमी तेलाच्या आणि भरपूर तेलाच्या ड्रेसिंगसह खायला दिले, तेव्हा बिनतेलाच्या ड्रेसिंगसह खाल्लेल्या सॅलडमधील कॅरोटिनॉइडे रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत असे आढळले. भारतीय जेवणात घोळाण्याबरोबर भाकरी, भाजी आणि फोडणीची आमटीही असते, त्यामुळे येथे परिस्थिती इतकी टोकाची नसते. तरीही प्रत्येकी एखादा लहान चमचा तेल किंवा तितक्याच स्निग्धांशाचा कूट राहू द्यावा हे शास्त्राला आणि जिभेला दोन्हींना धरून आहे.

जिभेचा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा आहे, कारण घोळाण्यातील तेल तेथे केवळ सवयीने आलेले नाही. ते पानांवर पातळ थर धरून मीठ-तिखट सर्वत्र सारखे चिकटवते, मेथीचा कडवटपणा सौम्य करते आणि तिखटाला वाहून नेते. नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या येऊन शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर तांबडे गालिचे अंथरल्यासारखी ती वाळत पडते. त्या मिरचीचा जाळ ज्या कॅप्सायसिन नावाच्या द्रव्यामुळे असतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. तेल कमी केले की तेच तिखट एका घासाला झोंबते आणि दुसऱ्याला जाणवतच नाही, शिवाय मेथी एकदम कडू लागू लागते. कमी तेलाचा घोळाणा ‘पथ्याचा’ म्हणून नाके मुरडली जातात त्याचे खरे कारण येथे आहे: तेल काढून घेतले जाते, पण ते जी कामे करत होते ती दुसऱ्या कोणाकडे सोपवली जात नाहीत.

यांपैकी बरीच कामे आंबटपणा करू शकतो, आणि नंदुरबार जिल्ह्याला आंबटपणाची वाण नाही. सातपुड्याच्या अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत, धडगाव-मोलगीच्या परिसरातील पाड्यांवर गावरान आंब्याची झाडे भरपूर आहेत आणि उन्हाळ्यात तेथील आदिवासी कुटुंबे कैऱ्या उतरवून त्यांचा आमचूर करतात. साल काढायची, कोयीभोवतीचा गर चिरून फोडी करायच्या आणि त्या अंगणात किंवा तापलेल्या खडकावर पसरून कडकडीत वाळू द्यायच्या, एवढीच ही कृती वरवर दिसते. परंतु तिच्यातील सगळे कसब वेगात असते. कापलेल्या कैरीचा हवेशी संबंध आला की तिच्यातील विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, गराचा रंग तपकिरी करू लागतात आणि फोड जितकी लवकर वाळेल तितका हा बदल लवकर थांबतो. म्हणूनच पांढुरक्या, स्वच्छ फोडींना चांगला भाव मिळतो, काळपट पडलेल्यांना कमी मिळतो, आणि मे महिन्यात अवकाळी पावसाची एक सर आली की साऱ्या घरादाराची मेहनत मातीमोल होऊ शकते. या फोडी व्यापाऱ्यांकडून दूरदूरच्या मसाला बाजारांत जातात. पिकवणाऱ्यांच्या आणि जवळपासच्या शहरांतील खाणाऱ्यांच्या ताटात मात्र त्यांना मिळायला हवे तेवढे स्थान मिळत नाही, ही काहीशी खेदाची बाब आहे.

एका लहान चमचाभर आमचुराच्या पुडीत जेमतेम दहा-बारा किलोकॅलरी असतात. तिच्यातील सायट्रिक आणि अन्य फलाम्लांमुळे तोंडाला पाणी सुटते, खारटपणाची जाणीव थोडी वाढते आणि त्यामुळे मीठही बेतानेच घालावे लागते. आमचूर कोरडा असल्यामुळे लिंबाच्या रसासारखा तो भाजीला पाणी सोडायला लावत नाही हा त्याचा आणखी एक फायदा; उलटपक्षी वाळवताना कैरीतील क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो, तर ताज्या लिंबात ते शाबूत असते आणि पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास ते मदत करते. रक्तक्षय सर्रास आढळणाऱ्या या प्रदेशात ही गोष्ट गौण मानता येत नाही, तेव्हा आमचूर चवीला घालून वाढतेवेळी वरून लिंबू पिळणे हा दोन्ही साधणारा मार्ग होय.

आंबटपणाने चव सांभाळली तरी पानांना माखण्याचे काम उरतेच, आणि ते दही उत्तम करते. घुसळलेल्या दह्यात प्रथिनांचे सूक्ष्म जाळे पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्याला तेलाविनाच दाटपणा येतो आणि त्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला बांधून तिखटाची धार बोथट करते. गाईच्या दुधाच्या शंभर ग्रॅम दह्यात सुमारे 60 किलोकॅलरी असतात. म्हशीच्या साईसकट दुधाचे दही त्याहून बरेच जड असते, आणि दही टांगून केलेला चक्का पाणी निथळल्यामुळे ग्रॅमागणिक अधिकच, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. दोन मोठे चमचे गाईचे दही, एक लहान चमचा आमचूर, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि दोन लहान चमचे तेलात केलेली हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी असे मिश्रण आणि त्यासोबत चाराऐवजी दोन मोठे चमचे कूट घेतला, तर चार जणांच्या घोळाण्याच्या माखणीचे एकूण उष्मांक 540 वरून सुमारे 200 वर येतात. येथे फोडणी मुद्दाम सुचवली आहे, कारण तापलेल्या तेलात हिंग-मोहरीचा सुवास उतरतो आणि दहा मिलिलिटर तेल कच्च्या चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटरांएवढे बोलते.

कुटाच्या बाबतीत एक तडजोड करता येते. निम्म्या कुटाच्या जागी डाळ्यांची, म्हणजे भाजून सोललेल्या हरभऱ्याच्या डाळीची, भरड पूड घातली तर खमंगपणा टिकतो आणि उष्मांक उतरतात, कारण डाळ्यांत प्रथिने भरपूर असली तरी तेल शेंगदाण्यांच्या तुलनेत फारच थोडे असते. तीळ, जवस आणि कारळे यांच्या चटण्या पौष्टिक असल्या तरी त्यांनाही हलक्या समजणे चूक आहे. त्या तेलबियाच आहेत. काकडी, मुळा यांसारख्या पाणीदार भाज्यांच्या बाबतीत आणखी एक युक्ती घरोघरी पूर्वीपासून चालत आलेली आहे: चोचवलेल्या काकडीला थोडे मीठ लावून ठेवले की मिठाच्या ओढीने तिच्यातील पाणी बाहेर येते, ते पिळून पीठ भिजवायला वापरले जाते आणि कोरड्या झालेल्या काकडीला निम्म्याच दह्या-कुटात पुरेशी चव येते. धुतलेली पाने नीट निथळून न घेता केलेला घोळाणा मिळमिळीत होतो आणि मग तो सावरण्यासाठी आणखी कूट, आणखी तेल असे करत हिशेब कोलमडतो.

बाटलीबंद ड्रेसिंगांकडे वळले तर मेयोनेझ या सर्वांत खपणाऱ्या प्रकारात शंभर ग्रॅमला सातशेच्या आसपास किलोकॅलरी असू शकतात, कारण पारंपरिक मेयोनेझ म्हणजे बहुतांशी तेलच असते. अंड्यातील बलक किंवा तत्सम पायसीकारक, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, ते पांढरेशुभ्र आणि मऊ करतो इतकेच. कमी उष्मांकांच्या बाटल्यांत तेलाच्या जागी पाणी येते आणि ते दाट दिसावे म्हणून स्टार्च, झँथन गोंद किंवा गवारीच्या बियांपासून केलेला ग्वार गोंद घातला जातो. हे पदार्थ अपायकारक नाहीत, परंतु हरवलेली चव भरून काढण्यासाठी पुष्कळदा साखर आणि मीठ वाढवलेले असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार ‘कमी ऊर्जा’ असे म्हणवून घेण्यासाठी घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममागे 40 किलोकॅलरींपेक्षा आणि द्रव पदार्थाच्या शंभर मिलिलिटरमागे 20 किलोकॅलरींपेक्षा अधिक ऊर्जा असता कामा नये. तेव्हा दर्शनी बाजूवरील मोघम विशेषणापेक्षा मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतील तक्ता, आणि त्यातही शंभर ग्रॅमचा रकाना, वाचणे हेच विश्वासार्ह ठरते.

हा सगळा विचार कोणासाठी, हा प्रश्न नंदुरबारमध्ये टाळता येत नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला हा जिल्हा बालकांच्या कुपोषणासाठी वर्षानुवर्षे चर्चेत आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या गावांतील बैठे काम करणाऱ्या, मधुमेह किंवा वाढत्या वजनाने त्रासलेल्या माणसाला घोळाण्यातील तेल मोजण्याचा सल्ला हिताचा आहे. धडगावच्या डोंगरात दिवसभर शेतात राबून लाकडाचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या बाईला किंवा तिच्या कमी वजनाच्या मुलाला तोच सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला लंघन सांगण्यासारखे होईल. तिच्या घोळाण्यात चार चमचे कूट आणि वर तेलाची धार असणेच योग्य आहे. शेंगदाण्यांतून येणारी ऊर्जा आणि प्रथिने तेथे हवीच आहेत. एकाच घरात वजन वाढलेले आजोबा आणि अशक्त नात असतील, तर पाने, कांदा, आमचूर आणि दही एकत्र कालवून कूट व तेल वाटीत वेगळे ठेवावे आणि ज्याच्या-त्याच्या ताटात वाढताना घालावे. आजोबांच्या वाट्याला एक लहान चमचा कूट पुरतो, नातीच्या वाट्याला वाटीतले उरलेले जाऊ द्यावे.