खत अनुदान
रासायनिक खताचा उत्पादनखर्च वा आयातखर्च आणि शेतकऱ्याने द्यावयाची किंमत यांतील तफावत भरून काढणारे शासकीय अर्थसाहाय्य. १९७३ च्या तेल-दरवाढीने खते महागल्यानंतर, मराठे समितीच्या शिफारशीनुसार भारतात नोव्हेंबर १९७७ पासून ते कारखान्यागणिक खर्च पाहून देण्यात येऊ लागले. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांना पोषणद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान लागू झाले. त्यांच्या किंमती पुढे वाढल्या, युरियाची मात्र नियंत्रित राहिली; परिणामी नत्राचा वापर असंतुलित झाला. अनुदान खताच्या वापरानुसार पोहोचत असल्याने छत्रपती संभाजीनगरसारख्या जिल्ह्यात बागायतदारापेक्षा कोरडवाहू शेतकऱ्यास त्याचा लाभ कमी होतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सुरू झालेल्या नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेनुसार पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये थेट देण्याचे ठरले. मात्र ठरावीक रकमेचे मोल भाववाढीबरोबर घटते.